चाल बंड्याची धर

प्रिय मुली,
अनेक आशीर्वाद.

तुझा मेसेज काल रात्री वाचला आणि उत्तर तिथल्या तिथे टाइप करायला घेतलं. चार ओळींत अंगठा दुखायला लागला, म्हणून हे पत्र. ऑफिसात असताना माझ्या दोन-दोन पानी नोटांना तू गालातल्या गालात हसायचीस, ते मला दिसायचं. आता भोग.

तुझा बेत समजला. आई-बाबा उदगीरहून येणार, शनिवार-रविवार हातात, आणि त्या दोन दिवसांत त्यांना कळसूबाईवर न्यायचं, सोबत तुझी कुत्री चिमीही. शेवटी ‘जमेल ना, काका?’ असं विचारलंयस. तुला ‘हो’ हवंय हे कळतंय. पण नाही जमायचं.

सांगण्यासारखी कारणं आधी सांगतो. कळसूबाई १,६४६ मीटर. वाटेत कड्याला लोखंडी शिड्या आहेत. माणूस कठडा धरून चढतो, कुत्रं काय धरणार? शिडीच्या फटींतून खालची दरी दिसली की धीट कुत्रंही जागच्या जागी बसकण मारतं. मग पंधरा किलोची चिमी उचलणार कोण, बाबा? शिवाय तो सगळा भाग कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्याचा. अभयारण्यात पाळीव कुत्रं नेऊच नये. ते ससे-तितरांमागे धावतं आणि आपल्याकडचे रोग तिथे ठेवून येतं. आणि पायथ्याच्या बारी गावापर्यंतच गाडीत चार-पाच तास मोडतात.

न सांगण्यासारखं कारण आता. गेल्या दोन दिवाळ्या तू घरी गेली नाहीस. त्याची भरपाई तू महाराष्ट्रातल्या सगळ्यात उंच शिखरानं करायला निघालीस. आई-बाबांनी उंचीची मागणी केली होती का?

त्यापेक्षा मल्हारगडावर जा. सासवडच्या अलीकडे, सोनोरी गावाच्या डोक्यावर. पेशव्यांचा तोफखाना सांभाळणाऱ्या पानसे सरदारांनी बांधलेला, मराठ्यांनी बांधलेल्या किल्ल्यांतला शेवटचा म्हणतात. पुण्याहून हडपसरमार्गे तास-सव्वा तास, आणि गाडी लावल्यापासून चढ पाऊण तासाचा. वर खंडोबाचं आणि महादेवाचं अशी दोन छोटी देवळं शेजारी शेजारी. बाकी तट, बुरूज आणि वारा. कोणी ‘वा’ म्हणावं असं फारसं काही नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

पण वाटेत दिवे घाट लागतो. तुझ्या बाबांच्या गळ्यात माळ आहे, असं तूच एकदा सांगितलं होतंस. उदगीरकडची माणसं आपापल्या दिंडीतून थेट पंढरपूर गाठतात. आळंदीहून निघालेली माऊलींची पालखी दिवे घाट चढताना त्यांनी टीव्हीवरच पाहिली असेल. त्या वळणांवर गाडी जरा हळू घे. वर पोहोचलीस की बाजूला लाव आणि काही बोलू नकोस. पुढे सासवडला सोपानकाकांची समाधी. ज्ञानोबांचा धाकटा भाऊ तिथे आहे म्हटल्यावर बाबांना कळसूबाईची आठवणही राहणार नाही.

आम्ही नुकतेच जाऊन आलो, म्हणून इतक्या ठामपणे लिहितोय. चंपाषष्ठी होऊन गेल्यावरचा शनिवार. मी, तुझी काकू, मुलगा-सून, सहा वर्षांची नात आणि आपले दोघे: बंड्या आणि दुर्गी. बंड्या आता अकरा वर्षांचा. मागचे पाय सकाळी धरतात, जिना चढताना मध्येच थांबून असा बघतो की जणू काही विसरलं म्हणून थांबलाय. दुर्गी तळजाईच्या रस्त्यावर सापडलेली, दोन वर्षांची, अंगात वारं भरलेली.

रात्री मेहुण्याच्या शेतावर मुक्काम. चुलीवर पिठलं, भाकरी, ठेचा. कुत्र्यांसाठी काकूनं वेगळ्या पातेल्यात नुसता भात आणि उकडलेली अंडी ठेवली होती, कारण पिठल्यात कांदा-लसूण. हे लक्षात ठेव: कांदा-लसूण कुत्र्याला बाधतो, रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. मनुके, द्राक्षं आणि चॉकलेटही नाही. गडावर आजूबाजूचे लोक प्रेमानं भजी पुढे करतात आणि आपल्याला ‘नको’ म्हणायची लाज वाटते. लाजू नकोस.

रात्री कोल्हेकुई सुरू झाली तशी दुर्गी उठून बसली आणि पहाटेपर्यंत एकेका कोल्ह्याला उत्तर देत राहिली. आम्हां कोणाला धड झोप नाही. बंड्या मात्र माझ्या पायांवर डोकं टाकून घोरत होता. वय झाल्याचे काही फायदे असतात.

सकाळी सहाला चढायला लागलो. त्या डोंगरावर सावलीचं झाड म्हणशील तर नाही, त्यामुळे उन्हं तापायच्या आत उतरलेलं बरं. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही. तळपायांना थोडा येतो, बाकी सगळी उष्णता जीभ बाहेर काढून धापा टाकूनच घालवायची. पहिल्याच सपाटीला बंड्या बसला. मुलगा म्हणाला, तुम्ही दोघं थांबा इथेच, आम्ही पटकन जाऊन येतो. नातीनं ऐकलं नाही. बंड्या थांबेल तिथे सगळ्यांनी थांबायचं, असा नियमच तिनं काढला, आणि सहा वर्षांच्या माणसाशी वाद घालायची आमच्यात कोणाची टाप नव्हती.

पाऊण तासाच्या चढाला दोन तास लागले. अकरा वेळा थांबलो; नात मोजत होती. दुसऱ्या थांब्याला खालच्या गावातल्या देवळाचा भोंगा आणि डोक्यावर चंडोल, दोघांची चढाओढ. कुठल्याशा थांब्याला काकूनं पिशवीतून पेरू काढले, सोबत तिखट-मीठ. सातव्याला माझ्या चाळिशीच्या मुलानं, कोणी काही विचारलं नसताना, सांगून टाकलं की सातवीचं प्रगतिपुस्तक हरवलं नव्हतं, त्यानं ते कालव्यात टाकलं होतं. आम्ही तेव्हा शाळेला दोन अर्ज केले होते! काकू अजून त्याच्याशी त्यावरून बोलते आहे. गाडीत हे निघालं नसतं, जेवणाच्या टेबलावर तर मुळीच नाही. बसायचं, धाप जिरेपर्यंत काही करायचं नाही, अशा वेळीच माणूस असलं काही बोलून जातो.

तटाला हात लागला तिथे बंड्या आडवा झाला तो झालाच. मग बाकीचे देवळाकडे गेले आणि मी त्याच्यापाशी थांबलो. त्याच्या पोटाखालची कुसळं काढत बसलो होतो, तेव्हा मला सिंहगड आठवला.

१९७७ साल असेल. मी एकोणीस वर्षांचा. वडिलांच्या स्कूटरवरून आम्ही दोघं आतकरवाडीला गेलो होतो. पायथ्यापासून पुणे दरवाजा पन्नास मिनिटांत गाठायचा, असा आमच्या टोळक्याचा तेव्हा खेळ होता. अर्ध्या वाटेत एक बाई ताक घेऊन बसायची. वडील म्हणाले, ‘थांब जरा, ताक घेऊ.’ मी म्हणालो, ‘तुम्ही घ्या, मी वेळ लावलीय.’ अठ्ठेचाळीस मिनिटांत पोहोचलो. वर दह्याचं एक मडकं संपवलं, टिळकांच्या बंगल्याकडे एक चक्कर मारली आणि तासाभरानं उतरलो तर वडील त्याच दगडावर. हातात रिकामा पेला, ती बाई हसतेय आणि वडीलही हसताहेत, अगदी मोठ्यानं. घरी मी त्यांना असं हसताना पाहिलेलं नव्हतं. मला बघून ते उठले, पँट झटकली आणि म्हणाले, ‘चला.’ कशावरून हसत होता, हे मी विचारलं नाही. मला माझी अठ्ठेचाळीस मिनिटं सांगायची होती. पुढच्या वर्षी त्यांचं हृदयाचं दुखणं निघालं, गड बंद झाला. नंतर कधीतरी विचारू म्हणता म्हणता ते राहूनच गेलं.

आमच्या घरात अशा आठवणींचा तसा दुष्काळच. १२ जुलै १९६१ला पानशेतचं पाणी आलं तेव्हा आम्ही नारायण पेठेत, नदीच्या बाजूला राहायचो. माणसं वाचली, फोटोंची ट्रंक गेली. आजोबांचा चेहरा त्यामुळे मला ठाऊक नाही. आजी सांगायची तेवढं ठाऊक आहे: ते पानातला पहिला तुकडा दारच्या कुत्र्यासाठी काढून ठेवायचे, आणि चंपाषष्ठीला रोडग्याचा नैवेद्य आधी त्याला, मग घरच्यांना. खंडोबाचं कुत्रं म्हणून. एवढ्या एका सवयीवर माझे आजोबा मी उभे केलेत, आणि ती सवय मी चालू ठेवली आहे.

आता चिमी आणि बाबा. ‘कुत्र्याला पलंगावर घेता?’ हे वाक्य त्यांनी फोनवर तीनदा ऐकवलं, असं लिहिलंयस. शेतावरचा माणूस आहे, त्याच्या लेखी कुत्र्याची जागा अंगणात. त्यांना समजवायला जाऊ नकोस. व्हिडिओ तर अजिबात दाखवू नकोस. चढ सुरू झाला की पाण्याची बाटली काढण्याच्या निमित्तानं चिमीचा पट्टा त्यांच्या हातात दे आणि विसरून जा. कुत्र्यानं तोंडात धरून पळवलेली भाकरी कोरडी आहे म्हणून तुपाची वाटी घेऊन त्याच्यामागे धावलेले नामदेव महाराज त्यांना तुझ्या-माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहेत. रात्री पलंगावरून काय व्हायचं ते होऊ दे.

आणि शनिवारची वाट कशाला बघतेस? ते गुरुवारीच येताहेत ना? पहाटे वेताळ टेकडीवर चिमीला नेतेस, तेव्हा बाबांना उठव. ते आधीच उठून बसलेले असणार, तू उठायची वाट बघत. खाली उतरून अमृततुल्यात चहा, बाकावर बसून. आईला मॉलमध्ये नेऊ नकोस, मंडईत ने. १८८६ची ती अष्टकोनी इमारत बघून झाली की तिला मेथीच्या जुडीपाशी सोड आणि भाव करताना तिचा चेहरा बघ. ऑफिसातून दोन दिवस तासभर लवकर नीघ. मी साहेब असताना तुला हे कधी सांगितलं नाही, ते आता सांगतोय. याचा अर्थ काय घ्यायचा तो घे.

थोडं कामाचं. घाटाची वळणं आहेत, चिमीला निघण्याआधी दोन-तीन तास खायला देऊ नकोस, नाहीतर सीट धुवत बसशील. रेबीजची लस झालेली असू दे. पट्टा सोडू नकोस: वाटेत शेळ्या भेटतात, आणि गावातली कुत्री आपल्या हद्दीत पाहुणा आला की विचारपूस करायला येतातच. सध्या गवत वाळलंय, कुसळं पंजांच्या बोटांमध्ये आणि कानात शिरतात. तिनं डोकं एकसारखं झटकलं तर लगेच कान बघ. घरी आल्यावर गोचीड शोधायच्या, कानामागे, मानेखाली, बोटांच्या बेचक्यात. वर पाणी मिळेल असं धरून चालू नकोस. चिमीसाठी म्हणून एक लिटर वेगळं घे. बाबांना नवे बूट घेऊन देऊ नकोस, ते त्यांच्या चपलांवर तुझ्या आधी चढतील. गुडघे आईचे दुखतात, बरोबर? मग त्या दिवशी तुमची बंड्या ती. तिला पुढे चालू दे, बाकीचे मागे.

पत्रासोबत एक स्टीलची वाटी पाठवतोय. पोचे आलेत तिला, पण पट्ट्याच्या कडीत अडकते आणि वाऱ्यानं उडत नाही. बंड्याची आहे. सोमवारी परत आणून दे, तो दुसऱ्या वाटीतलं पाणी पीत नाही.

तुझा,
काका