ही ‘हुरियाना’ कोण?

प्रश्न असा आहे: थरच्या वाळवंटात राहणाऱ्या एका छोट्या उंदराचं शास्त्रीय नाव ‘मेरिओनीस हुरियानी’. एखाद्या बाईच्या सन्मानार्थ ठेवलेल्या नावाला असतो तसा याचा शेवट दिसतो, तर ही हुरियाना कोण? आणि मराठीत याला ‘वाळवंटी उंदीर’ म्हटलं तर चालेल का?

हुरियाना म्हणजे आपला हरियाणा. जुन्या इंग्रजी लेखनात ‘अ’साठी ‘यू’ हे अक्षर वापरत. ‘पंजाब’च्या स्पेलिंगमध्ये ते आजही टिकून आहे. प्राणिशास्त्रज्ञ टी. सी. जर्डन यांनी १८६७ मध्ये या जातीला नाव दिलं, तेव्हा हरियाणाही तसाच लिहिला गेला. तुमची शंका मात्र अगदी रास्त आहे. लॅटिनमध्ये अशा आकारान्त नामाची षष्ठी एकसारखीच होते, मग ते नाव बाईचं असो की मुलखाचं. म्हणजे अर्थ झाला ‘हरियाणाचा’.

इथे मराठीशी ताडून पाहण्यात खरी मौज आहे. आपली षष्ठी पुढच्या नामाप्रमाणे बदलते: हरियाणाचा उंदीर, हरियाणाची घूस. लॅटिनची बदलत नाही. त्यामुळे हा प्राणी ‘गर्बिलस’ प्रजातीतून ‘मेरिओनीस’मध्ये गेला तरी ‘हुरियानी’ जसंच्या तसं राहिलं. विशेषणाला ही सवलत नाही. निसर्गअभ्यासक हार्डविक यांनी १८०७ मध्ये ‘डायपस इंडिकस’ म्हटलेला प्राणी पुढे ‘टाटेरा’ या स्त्रीलिंगी प्रजातीत गेला आणि ‘इंडिका’ झाला.

आता ‘उंदीर’. आपला प्राणी ‘गर्बिल’ नावाच्या उंदरांच्या गटातला. गर्बिल या शब्दाचा मूळ अर्थ ‘छोटा जर्बोआ’ (जर्बोआ हाही वाळवंटातला एक उंदरासारखा प्राणी), आणि जर्बोआ हा शब्द अरबी ‘यर्बू’वरून आलेला. पण नावातलं हे नातं वर्गीकरणात टिकत नाही. जर्बोआचं कुल वेगळं आहे. गर्बिल आणि आपला प्राणी मात्र उंदीर-घुशींच्याच कुलातले, म्हणून ‘उंदीर’ अगदी बरोबर. अडचण ‘वाळवंटी’ची आहे, कारण तेवढ्याने मागच्या पायांवर उड्या मारणारा जर्बोआही डोळ्यांपुढे येऊ शकतो. हा तर चारी पायांवर पळतो, दिवसाउजेडी बिळाबाहेर वावरतो, आणि शेपटीच्या टोकाला काळ्या केसांचा झुबका मिरवतो.

मी ‘वाळवंटी जर्ड’ लिहीन. मेरिओनीस प्रजातीतल्या प्राण्यांचं ‘जर्ड’ हे नाव जर्डनसाहेबांवरून पडलं असेल असं वाटणं साहजिक आहे, पण ते तसं नाही. तो शब्द उत्तर आफ्रिकेतल्या बर्बर बोलींतून आला आहे.