पाद्री, फादर आणि आपले ‘वडील’

एका वाचनालयाकडून प्रश्न आला आहे. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या श्रद्धा, संस्कृती आणि आजचं जगणं या विषयांवरच्या विचारांवर त्यांनी कार्यक्रम ठेवला आहे. निमंत्रणपत्रिकेच्या मसुद्यात एकाने ‘वसईचे पुजारी’ लिहिलं, दुसऱ्याने ते खोडून ‘पाद्री’ केलं आणि तिसऱ्याला ‘पाद्री’ हा शब्द हलका वाटला. बरोबर कोणता?

‘पुजारी’ आधी खोडा. डिसेंबर उजाडला की बातम्यांतून ‘चर्चच्या पुजाऱ्यांनी शुभेच्छा दिल्या’ असं ऐकून कान किटले आहेत. इंग्रजी ‘प्रीस्ट’ दिसला की ‘पुजारी’ ठोकून द्यायचा, एवढाच यातला विचार. गुरव, भटजी, बडवे, भोपी यांच्यातला फरक चोख सांभाळणाऱ्या भाषेत हे व्हावं, याचा मला खरोखर राग येतो. गुरवाला भटजी म्हटलं तर गावात दोघेही रागावतील. मग ज्यांनी वसईच्या हिरव्या पट्ट्यासाठी लोकांबरोबर रस्त्यावर उतरून लढा दिला, ‘सुवार्ता’ मासिक वर्षानुवर्षं संपादलं आणि २०२० साली धाराशिवला, तेव्हाच्या उस्मानाबादला, ९३व्या साहित्य संमेलनाचं अध्यक्षपद भूषवलं, त्यांना पुजारी कसं म्हणायचं?

‘धर्मगुरू’ चालेल. पण मौलाना, लामा, ग्रंथी सगळेच त्यात बसतात, म्हणून त्यामागे ‘कॅथलिक’ जोडा.

आता ‘पाद्री’. पोर्तुगीज ‘पाद्रे’ म्हणजे बाप, मूळ लॅटिन ‘पातेर’. वसई १५३४ ते १७३९ पोर्तुगिजांकडे होती. पाव, पगार, बटाटा, नाताळ ज्या वाटेने आले, त्याच वाटेने हाही आला. ‘फादर’ त्याचाच इंग्रजी भाऊ. ‘प’चा ‘फ’ होणं ही जर्मानिक भाषांची जुनी खोड आहे. फारसी ‘पिदर’ आणि संस्कृत ‘पितृ’ हेही त्याच घरातले. इथे संस्कृताभिमानी मंडळी लगेच लिहितात, ‘पाद्री हा पितृपासूनच निघाला.’ नाही निघाला. भावंडं आणि मुलं यांत फरक असतो. चुलत्याला मुलगा म्हटल्याने घराण्याचा मान वाढत नाही, फक्त वंशावळ बिघडते.

हलकेपणाचं म्हणाल तर तो शब्दाच्या जन्मातला नाही, नंतर चिकटलेला आहे. एकोणिसाव्या शतकात मुंबई-पुण्यात आलेल्या प्रॉटेस्टंट मिशनऱ्यांनाही लोक पाद्रीच म्हणू लागले. १८५७ साली विष्णुबुवा ब्रह्मचारी मुंबईच्या समुद्रकिनाऱ्यावर मिशनऱ्यांशी जाहीर वाद घालत होते. त्या धुमश्चक्रीत ‘पाद्री’ला जो आंबूस वास लागला, तो अजून गेलेला नाही. गंमत अशी की खुद्द प्रॉटेस्टंट हा शब्द स्वतःसाठी फारसा वापरत नाहीत. पृथ्वीवर कोणालाही पिता म्हणू नका, असं मत्तयच्या शुभवर्तमानात आहे आणि ते त्यावर बोट ठेवतात. त्यांच्याकडे ‘पाळक’ असतात, ‘रेव्हरंड’ असतात. नारायण वामन टिळक रेव्हरंड होते. त्यांना ‘फादर टिळक’ म्हणणारे मी ऐकले आहेत! लक्ष्मीबाईंचा संसार अख्ख्या महाराष्ट्राला पाठ असताना, आजन्म ब्रह्मचारी राहणाऱ्या कॅथलिक धर्मगुरूचं संबोधन त्यांना कसं लावता येतं?

आणि ‘पाद्री गावठी, फादर सभ्य’ असं मानणाऱ्यांसाठी एक गोष्ट. इंग्लंडमध्ये एकोणिसाव्या शतकापर्यंत ‘फादर’ हे संबोधन मुख्यतः संन्यस्त संघांतल्यांचं होतं, धर्मप्रांतातल्या साध्या कॅथलिक धर्मगुरूला ‘मिस्टर’ म्हणत. त्यांच्या आधी कितीतरी आपल्या किनाऱ्यावर गावच्या चर्चमधल्या धर्मगुरूला ‘पाद्री’ म्हणजे बाप म्हटलं जात होतं. इंग्रजी सैन्यात चॅप्लेनला, म्हणजे फौजेतल्या धर्मगुरूला, आजही ‘पाद्रे’ म्हणतात. तो शब्द त्यांनी हिंदुस्थानातून उचलला.

पण हे सगळं कुठल्याही चांगल्या कोशात मिळेल. मला सांगायचं आहे ते ‘प्रीस्ट’बद्दल.

‘प्रीस्ट’चं मूळ ग्रीक ‘प्रेस्बितेरोस’, आणि त्याचा अर्थ फक्त ‘वयाने मोठा’. मंडळीतला, म्हणजे ख्रिस्ती समुदायातला, थोरला माणूस. पूजेशी त्याचा काडीचाही संबंध नाही. वेदीवर यज्ञ-अर्पण करणाऱ्यासाठी ग्रीकमध्ये ‘हिएरेउस’ हा वेगळा शब्द होता आणि बायबलच्या नव्या करारात तो मंडळीच्या सेवकाला स्वतंत्र पदनाम म्हणून लावलेला नाही. काही इंग्रजी व्युत्पत्तिकार ‘प्रीस्ट’ला लॅटिन ‘प्रेपोझितुस’शी, म्हणजे वर नेमलेल्या अधिकाऱ्याशी, नेऊन जोडतात. जुन्या इंग्रजी रूपातला एक स्वर त्यांना अडतो, एवढ्यासाठी. एका स्वरासाठी थोरल्या माणसाला हवालदार करून टाकणं मला पटत नाही.

आता मराठी बायबल उघडा. भाषांतरकारांनी ‘हिएरेउस’साठी ‘याजक’ घेतला, आणि ‘प्रेस्बितेरोस’साठी? ‘वडील’. मंडळीचे वडील. पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी पुस्तक मिटून नुसता बसून राहिलो होतो.

कारण ‘वडील’चा मूळ अर्थ बाप नव्हेच. प्राकृत ‘वड्ड’ म्हणजे मोठा, हिंदीतला ‘बडा’ तोच. वडील भाऊ, वडीलधारी माणसं, वडिलोपार्जित जमीन यांत तो जुना अर्थ जिवंत आहे. गुजरातीतही वडील म्हणजे घरातलं थोर माणूस. आणि ज्ञानेश्वरीच्या तिसऱ्या अध्यायात बघा:

एथ वडील जें जें करिती । तया नाम धर्मु ठेविती ।
तेंचि येर अनुष्ठिती । सामान्य सकळ ॥

गीतेतल्या ‘श्रेष्ठ’साठी ज्ञानदेवांनी १२९० साली ‘वडील’ योजला. थोर माणसं जे करतात त्याला लोक धर्म म्हणतात आणि तसंच वागतात. ‘प्रेस्बितेरोस’ची याहून नेमकी व्याख्या मला कुठल्या ग्रीक कोशातही सापडलेली नाही.

पुढे मराठीने हाच शब्द बापावर ठसवला. ‘माझे वडील’ म्हटलं की आज दुसरं कोणी डोळ्यांपुढे येत नाही. म्हणजे ‘पाद्रे’तला बाप आणि ‘प्रेस्बितेरोस’मधला थोरला, हे दोन अर्थ युरोपात दोन वेगळ्या शब्दांत राहिले आणि मराठीत एकाच शब्दात येऊन बसले. माझी तर अशी समजूत आहे (कोशात शोधू नका, ही माझी आहे) की ‘पाद्री’ आपल्याकडे इतका सहज रुजला याचं कारण हेच. बापाला ‘थोरला’ म्हणणाऱ्या समाजाला गावच्या थोरल्याला ‘बाप’ म्हणणं अवघड गेलं नसणार. भाषातज्ज्ञ मित्र यावर मान हलवतात, पुरावा मागतात. लेखी पुरावा माझ्याकडे नाही. पण वसईत एखादे वयस्क फादर चर्चच्या पायऱ्या उतरताना भोवतालची माणसं कशी सावरून उभी राहतात, ते या मित्रांनी एकदा येऊन पाहावं.

थॉमस स्टीफन्सचंच घ्या. विल्टशरचा हा इंग्रज जेजुइट, म्हणजे एका कॅथलिक संन्यस्त संघातला, १५७९च्या ऑक्टोबरमध्ये गोव्यात उतरला, मराठी शिकला आणि १६१६ साली त्याचं जवळपास अकरा हजार ओव्यांचं ख्रिस्तपुराण छापून निघालं. स्वर्गाला तो बेधडक ‘वैकुंठ’ म्हणतो. आपण त्याला ‘फादर स्टीफन्स’ म्हणतो, पण गोव्यात तो पाद्री एस्तेव्हांव होता. श्रद्धा बाहेरची आणि भाषा इथली, हा मेळ दिब्रिटोंच्या आधी चारशे वर्षं त्याने घालून दाखवला होता. कार्यक्रमात त्याचा उल्लेख जरूर करा, म्हणजे दिब्रिटो संमेलनाच्या व्यासपीठावर उपरे नव्हते हे वेगळं सांगावं लागणार नाही. त्यांच्या निवडीला ज्यांनी तेव्हा विरोध केला त्यांनी ख्रिस्तपुराणातली मराठीची स्तुती तरी वाचायला हवी होती.

पत्रिकेत ‘फादर फ्रान्सिस दिब्रिटो’ एवढंच छापा. वसईची माणसं त्यांना तसंच हाक मारत. ‘फादर’च्या आधी ‘श्री.’ नको, नंतर ‘जी’ही नको.

आणि स्टीफन्सची एक गोष्ट राहिलीच. गोव्यात पोचल्यावर दोनतीन आठवड्यांत, १० नोव्हेंबर १५७९ला, त्याने घरी एक लांबलचक पत्र पाठवलं: केप ऑफ गुड होपचा वळसा, वादळं, जहाजावरचं आजारपण, किनाऱ्यावरची माणसं. पुढे इंग्रजांच्या प्रवासकथा गोळा करणाऱ्या हॅकल्यूटने ते छापलं. लंडनला ज्यांच्या नावे ते गेलं, ते त्याचे वडील होते.