सीसीएसपीची फी आत्ता भरू नका

प्रश्न: मी एका आयटी सेवा कंपनीत चार वर्षं सिस्टिम अ‍ॅडमिनिस्ट्रेटर आहे. गेलं दीड वर्ष अ‍ॅक्सेस कंट्रोल, पॅचिंग, लॉग तपासणी अशी सुरक्षेची कामं माझ्याकडे आहेत. मला क्लाउड सिक्युरिटीत जायचंय. एका प्रशिक्षण संस्थेनं क्लाउड प्लस, सीसीएसके आणि सीसीएसपी या तीन व्हेंडर-न्यूट्रल, म्हणजे कुठल्याही एका कंपनीच्या क्लाउडशी न बांधलेल्या, सर्टिफिकेशन्सचं पॅकेज सुचवलंय. फी माझ्या तीन पगारांएवढी आहे. एकरकमी भरली तर दहा टक्के सूट, नाहीतर बारा ‘बिनव्याजी’ हप्ते. बचत चार महिन्यांच्या खर्चाएवढी आहे. बचत मोडू की हप्ते घेऊ? की मित्र म्हणतात तसं एडब्ल्यूएस (अ‍ॅमेझॉनचा क्लाउड) किंवा अझ्युअरचंच (मायक्रोसॉफ्टचा क्लाउड) सर्टिफिकेट करू?

उत्तर: बचतही मोडू नका आणि हप्तेही घेऊ नका. तुम्ही निवडलेली दिशा मला पटली आहे. पण हे पॅकेज तुम्हाला दीड वर्ष आधीच विकलं जातंय, आणि त्या घाईची किंमत तुमच्या खिशातून जाणार आहे.

सीसीएसपी ही आयएससी-टू या संस्थेची क्लाउड सुरक्षेवरची परीक्षा. ती २०१५ साली क्लाउड सिक्युरिटी अलायन्स या दुसऱ्या संस्थेबरोबर सुरू झाली. पास होणं हा तिचा अर्धाच भाग आहे. सर्टिफिकेट मिळायला आयटीतला पाच वर्षांचा पगारी कामाचा अनुभव लागतो. त्यातली तीन वर्षं माहिती सुरक्षेतली आणि एक वर्ष परीक्षेच्या सहा विषयक्षेत्रांपैकी एखाद्यातलं हवं. तुमच्याकडे चार आणि दीड आहेत. म्हणजे उद्या पास झालात तरी नावापुढे सीसीएसपी लावता येणार नाही. तोवर तुम्ही ‘असोसिएट’ म्हणून ओळखले जाल आणि उरलेला अनुभव पूर्ण करायला सहा वर्षांची मुदत मिळेल. असोसिएट असणं कमीपणाचं मुळीच नाही. पण ज्या तीन अक्षरांच्या पुढच्या ‘पी’साठी तुम्ही तीन पगार मोजताय, तो ‘पी’ दीड वर्ष हातात येणार नाही, हे पैसे भरण्याआधी कुणीतरी तुम्हाला स्पष्ट सांगायला हवं होतं.

आता खर्चाकडे बघू. सीसीएसपीच्या परीक्षेची फी ५९९ डॉलर. सर्टिफिकेट मिळाल्यावर दर वर्षी १३५ डॉलर देखभाल शुल्क, आणि तीन वर्षांत ९० सीपीई क्रेडिट्स, म्हणजे साधारण तितके तास शिकणं किंवा शिकवणं, दाखवावं लागतं. पहिल्या तीन वर्षांचा हिशेब १,००४ डॉलरवर जातो, त्यात कर आणि शिकवणीची फी धरलेली नाही. नापास झालात तर ३० दिवस थांबून पुन्हा पूर्ण फी. हे दर बदलत असतात, म्हणून भरण्याच्या दिवशी संस्थेच्याच संकेतस्थळावर बघा. तुमचा पगार डॉलरमध्ये नसेल तर विनिमय दर आणि कार्डावरचं परकीय चलन शुल्कही जोडा.

आणि तो बिनव्याजी हप्ता. एकरकमी भरणाऱ्याला ९० द्यावे लागतात आणि हप्तेवाल्याला १००, तर ते १० म्हणजे व्याजच. पहिल्याच महिन्यापासून तुम्ही मुद्दल फेडत असता, त्यामुळे वर्षभर सगळे ९० तुमच्याकडे राहत नाहीत. या हिशेबानं महिन्याला सुमारे १.६६ टक्के पडतात, म्हणजे वर्षाला जवळपास २० टक्के. प्रोसेसिंग शुल्क वेगळं असेल तर आणखी जास्त. सूट सोडून दिली की ती दिसत नाही, म्हणून हे व्याज कुणाच्या लक्षात येत नाही.

बचतीबद्दल फार बोलत नाही. चार महिन्यांचा खर्च ही गंगाजळी आहे. ती मोडून अभ्यासाला बसलेला माणूस आजारपण किंवा नोकरकपात आली तर अभ्यासही सोडतो आणि कर्जही काढतो. तिला हात लावू नका.

मग पैसे कशावर घालायचे? माझ्या मते सीसीएसकेवर, आणि तेही शिकवणीशिवाय. क्लाउड सिक्युरिटी अलायन्सनं ही परीक्षा २०१० मध्ये आणली, आणि पाचवी आवृत्ती २०२४ मध्ये आली. फी ४४५ डॉलर आहे, आणि त्यात दोन प्रयत्न मिळतात. अनुभवाची अट नाही, वार्षिक शुल्क नाही, सर्टिफिकेट कालबाह्य होत नाही. परीक्षा घरी बसून, पुस्तक उघडं ठेवून देता येते. ६० प्रश्न, १२० मिनिटं, पास व्हायला ८० टक्के. पुस्तक उघडं असलं तरी सैल राहू नका, कारण दोन मिनिटांत एक उत्तर म्हणजे पानं चाळायला वेळ मिळत नाही. अभ्यासाचं मुख्य साहित्य, अलायन्सची ‘सिक्युरिटी गायडन्स’ आणि क्लाउड कंट्रोल्स मॅट्रिक्स (सुरक्षेच्या उपायांची यादी), मोफत उतरवून घेता येतं. पॅकेजच्या फीतला किती भाग या मोफत साहित्यावरच्या शिकवणीचा आहे, ते संस्थेला जरूर विचारा. शिवाय सीसीएसके असेल तर सीसीएसपीची विषयक्षेत्रातल्या अनुभवाची एका वर्षाची अट त्यात भागते. म्हणजे आज घातलेला पैसा पुढच्या पायरीलाही उपयोगी पडतो.

क्लाउड प्लस मी तुमच्यासाठी वगळतो. परीक्षा वाईट नाही, पण तिचा भर क्लाउड उभारणं आणि चालवणं यावर आहे, तुम्हाला सुरक्षेत जायचंय, आणि तिची मुदत तीन वर्षांची. ज्याला आधी ऑपरेशन्समध्ये पाय रोवायचाय त्याला मी वेगळं सांगितलं असतं.

तुमचे मित्रही चुकीचं सांगत नाहीत. नोकरीच्या जाहिरातीत प्लॅटफॉर्मचं नाव असतंच, आणि नुसत्या व्हेंडर-न्यूट्रल सर्टिफिकेटवर मुलाखतीत ‘कुठल्या कन्सोलवर (म्हणजे कुठल्या क्लाउडच्या नियंत्रण-पडद्यावर) काम केलंय?’ या प्रश्नाला उत्तर देता येत नाही. पण हा खर्च तुमचा असण्याची गरज नाही. तुमची कंपनी ग्राहकांसाठी क्लाउडची कामं करत असेल तर ती बहुधा एडब्ल्यूएस किंवा मायक्रोसॉफ्टच्या पार्टनर योजनेत असेल, आणि अशा योजनांमध्ये दर्जा मिळायला सर्टिफिकेटधारक कर्मचाऱ्यांची संख्या मोजली जाते. तुमचं सर्टिफिकेट कंपनीला हवं असतं. तेव्हा मॅनेजरकडे त्याच्या फीचीच मागणी करा. मात्र फी कंपनीनं भरली तर ठरावीक काळ नोकरी न सोडण्याची अट आहे का, हे सही करण्याआधी वाचा. त्या काळात तुम्ही सोडून गेलात तर ते पैसे परत मागितले जाऊ शकतात. व्हेंडरच्या सर्टिफिकेट्सना मुदत असते, एडब्ल्यूएसची तीन वर्षं. मायक्रोसॉफ्टची असोसिएट पातळीची एक वर्ष चालतात, पण त्यांचं नूतनीकरण ऑनलाइन आणि मोफत होतं.

स्वतःच्या पैशातून व्हेंडर-न्यूट्रल ज्ञान घ्या असं मी आग्रहानं सांगतोय, त्याचं कारण २०१९ मधल्या कॅपिटल वनच्या प्रकरणात सापडतं. बँकेचा डेटा अ‍ॅमेझॉनच्या क्लाउडवर होता. बँकेनं स्वतः नीट न बसवलेल्या फायरवॉलमधून दहा कोटींहून जास्त लोकांची माहिती बाहेर गेली, आणि २०२० मध्ये अमेरिकी नियामकानं आठ कोटी डॉलरचा दंड ठोठावला तो बँकेला. जबाबदारी कुठे पुरवठादाराची संपते आणि कुठे ग्राहकाची सुरू होते, ही रेघ प्रत्येक प्लॅटफॉर्मवर असते. कन्सोलचे मेनू दर काही महिन्यांनी बदलतात. ही रेघ ओळखणाऱ्या माणसाला कंपनीनं उद्या दुसरा पुरवठादार निवडला तरी पुन्हा शून्यापासून शिकावं लागत नाही. घर भाड्याचं असलं तरी कुलूप लावणं आपल्याकडेच असतं, तसंच हे.

तेव्हा असं करा. संस्थेला लेखी नकार कळवा, सवलत हुकेल अशी भीती बाळगू नका. पुढचे चार-पाच महिने पगारातून सीसीएसकेच्या फीएवढी रक्कम वेगळ्या खात्यात साठवा आणि त्याच काळात मोफत साहित्य वाचून काढा. रक्कम पूर्ण होईल तेव्हा परीक्षा द्या. दरम्यान मॅनेजरशी बोलून क्लाउडवरच्या सुरक्षेचं काम, मग ते आयडेंटिटीचं असो वा एन्क्रिप्शन कीजचं, आपल्याकडे मागून घ्या आणि कामाच्या तारखा, स्वरूप लिहून ठेवा. सीसीएसपीला अनुभव सिद्ध करताना ही नोंद लागेल. तुमची सुरक्षेतली तीन वर्षं भरायला सहा महिने उरले की मला पुन्हा लिहा, तेव्हाचा पगार आणि बचत कळवा. सीसीएसपीची फी कंपनीकडून घ्यायची की स्वतः भरायची, ते आपण त्या आकड्यांवर ठरवू.