पेन्सिल हाताशी ठेवून सिनेमा बघ

अनेक आशीर्वाद.

गणितावरच्या पुस्तकांची आणि सिनेमांची यादी मागितली आहेस. ती देत नाही, राग मानू नकोस. दहा नावं दिली तर दहा रात्रींत संपवशील आणि परत मला हेच लिहिशील: ‘काय डोकी असतात एकेकाची! आपलं काम नव्हे.’ या पत्रातही ते वाक्य दोनदा आलंय, म्हणून आधी त्याचाच समाचार घेतो.

‘विझार्ड ऑफ ऑझ’ (१९३९) लहानपणी पाहिला असशील. शेवटी शेवटी बुजगावण्याला डोक्याऐवजी पदवीचं भेंडोळं मिळतं आणि लगेच ते एक प्रमेय ठोकून देतं: समद्विभुज त्रिकोणाच्या कुठल्याही दोन बाजूंच्या वर्गमुळांची बेरीज उरलेल्या बाजूच्या वर्गमुळाइतकी असते. ऐकायला थेट पायथागोरस. (मला स्वतःला ते खटकायला तिसऱ्यांदा बघावं लागलं.) आता कागद घे. समान बाजू ४ आणि ४ धर. वर्गमुळं २ आणि २, बेरीज ४, म्हणजे तिसरी बाजू १६. सोळाच्या काडीच्या दोन टोकांना चारचार लांबीच्या काड्या लावून आत वळव बघू. आडव्या पाडल्यास तरी मधे ८ ची फट राहते; त्रिकोण मिटतच नाही. आकडे बदल, तिसरी बाजू दर वेळी चौपट येणार, आणि त्रिकोण व्हायला ती दुपटीहून कमी लागते. ‘कुठल्याही दोन’ म्हटलंय ना? मग एक समान बाजू आणि ती तिसरी अशी जोडी घे. तिसरीची लांबी शून्य! म्हणजे बुजगावणं नुसतं चुकलेलं नाही. त्याचं म्हणणं खरं ठरेल असा त्रिकोणच असू शकत नाही. एवढी सिद्धता तू आत्ता केलीस, आणि लागलं काय, तर वर्गमूळ आणि काड्या.

तुझ्या लाडक्या ‘अ ब्यूटिफुल माइंड’मधल्या बारच्या प्रसंगालाही अशीच पेन्सिल लाव. सिनेमाचा नायक, गणितज्ञ जॉन नॅश, मित्रांना सुचवतो, सगळेच त्या एका सुंदर मुलीच्या मागे लागलो तर एकमेकांना आडवे येऊ, त्यापेक्षा तिला सोडून बाकीच्या मुलींकडे जाऊ. छान. पण नॅशचा समतोल म्हणजे अशी स्थिती, जिथे बाकीचे आहेत तसेच राहिले तर एकट्याने निर्णय बदलून कुणाचाच फायदा होत नाही. इथे मित्र ठरल्याप्रमाणे दुसरीकडे वळले की उरलेल्या एकाला रान मोकळं! पळवाट असलेला तो समतोल कसला? ज्या कल्पनेसाठी नॅशला १९९४ चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं, तीच पडद्यावर निसटली आहे. तरी मला तो सिनेमा आवडतो. चूक सापडल्यापासून जरा जास्तच.

आता ‘डोकी’. सिनेमाला घाई असते, म्हणून त्याला वीज चमकलेली दाखवायला आवडते. रामानुजनांवरच्या ‘द मॅन हू न्यू इन्फिनिटी’ (२०१५) मध्ये मॅकमहोन नावाचे गृहस्थ आहेत, तिकडे नीट बघ. प्रश्न असा: एखादी संख्या बेरजेच्या रूपात किती तऱ्हांनी मोडता येते? ४ च्या पाच तऱ्हा आहेत: ४, ३+१, २+२, २+१+१, १+१+१+१. मॅकमहोन यांनी २०० पर्यंतच्या संख्यांची अशी उत्तरं हाताने आकडेमोड करून काढली. २०० चं उत्तर आलं ३९,७२,९९,९०,२९,३८८. रामानुजन आणि त्यांचे केंब्रिजमधले सहकारी हार्डी यांचं याच प्रश्नावरचं १९१८ चं सूत्र घासून बघायला याच आकड्यांचा उपयोग झाला. अशी चिकाटी पडद्यावर फारशी दिसत नाही, कारण बेरजा करणारा माणूस दोन तास कोण बघेल?

पुस्तकांचं तसं नाही, तिथे थांबायला वेळ असतो. भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’त (इ. स. ११५०) भुंग्यांचा एक थवा आहे. त्याच्या निम्म्याच्या वर्गमुळाइतके भुंगे मालतीकडे गेले, थव्याचे आठ-नवमांशही गेले. उरला एक, सुगंधाच्या लोभाने रात्री कमळात अडकलेला, आणि बाहेरून त्याच्यासाठी गुणगुणणारी त्याची भुंगी. थवा केवढा? मी शाळेत होतो तेव्हा समीकरण मांडून ७२ काढले आणि मोकळा झालो. समीकरणातला तो सुटा ‘२’ म्हणजे हीच जोडी, हे कितीतरी वर्षांनी कविता म्हणून वाचताना ध्यानात आलं. तू उलटं कर, आधी कविता वाच.

आणि हे तुझ्यासाठी. १८६५ चं ‘ॲलिस इन वंडरलँड’ काढ. लिहिणारा लुईस कॅरल ऑक्सफर्डला गणित शिकवायचा. बिळात पडलेली ॲलिस पाढा म्हणते: चार पंचे बारा, चार सक तेरा. मग घाबरते, या चालीने वीसपर्यंत कधी पोचणारच नाही म्हणते. दहाऐवजी अठराचे गठ्ठे बांध: वीस म्हणजे एक गठ्ठा आणि वर दोन, म्हणून ‘१२’. पुढच्या ओळीला एकवीसचे गठ्ठे: चोवीस म्हणजे एक गठ्ठा आणि वर तीन, ‘१३’. दर ओळीला गठ्ठा तीनने वाढवत जा. लेखकाच्या मनात हेच होतं का, हा वाद सध्या बाजूला ठेव. ॲलिसची भीती खरी होती का आणि पाढा नेमका कुठल्या ओळीत अडतो, ते मला कळव. कच्चं कामही पाठव, खाडाखोडीसकट.