रिमोट कुणाकडे? – या महिन्याची पत्रं

दिवाळीनंतर आमच्याकडे पत्रांचा ढीग पडतो. बोनस येतो, बोनसचा टीव्ही येतो, आणि टीव्ही भिंतीवर लागून चार दिवस झाले की शंका यायला लागतात. घेतलीत पाचच पत्रं, पण जरा निवांत बोलू.

प्रश्न : पाडव्याला ५५ इंची फोर-के टीव्ही घेतला. जुन्या ३२ इंचीवर जो पिक्चर भारी वाटायचा तोच यावर मालिकेसारखा दिसतोय. सगळं कसं गुळगुळीत, हिरो पळतोय तर सरकत्या जिन्यावर उभा असल्यासारखा. बायको म्हणते तुझेच डोळे गेलेत. पीस खराब आहे का, परत करू का? – सांगली

अहो थांबा, परत बिरत काही करू नका. टीव्ही ठीक आहे, डोळे तर त्याहून ठीक आहेत, वहिनींना तसं सांगा. तुम्ही जे पकडलंय ते लोकांना वर्षवर्ष कळत नाही.

होतं काय, सिनेमा शूट होतो सेकंदाला २४ चित्रांवर. मुक्या काळात कॅमेरा हाताने फिरवायचे, फाळक्यांनी १९१३ मध्ये ‘राजा हरिश्चंद्र’ केला तो असाच, त्यामुळे वेग फिरवणाऱ्याच्या हातावर. पुढे सिनेमा बोलायला लागला आणि आवाजाची पट्टी फिल्मच्या कडेला चिकटली, तेव्हा वेग हलला की आवाज रडायला लागायचा, म्हणून २४ हा आकडा पक्का झाला तो आजतागायत. आपला मेंदू त्या २४ ला सिनेमा म्हणून ओळखतो. मालिका आणि बातम्या मात्र पहिल्यापासून व्हिडिओवर, सेकंदाला ५० वेळा हालचाल टिपणाऱ्या, म्हणून त्या गुळगुळीत. आता तुमचा नवा टीव्ही शहाणा आहे, त्याला वाटतं २४ म्हणजे कमीच की, मग तो दोन चित्रांच्या मध्ये स्वतःच्या मनाने तिसरं, चौथं चित्र काढून घुसवतो. जी चित्रं कुठल्याच कॅमेऱ्याने काढली नाहीत ती तुम्ही बघताय. म्हणून हिरो सरकत्या जिन्यावर.

हे बंद करता येतं, पण कंपन्यांनी प्रत्येकाने वेगळं बारसं केलंय. सॅमसंगवर ऑटो मोशन प्लस किंवा पिक्चर क्लॅरिटी, एलजीवर ट्रूमोशन, सोनीवर मोशनफ्लो. सेटिंगमध्ये पिक्चर, मग ॲडव्हान्स्ड, तिथे ‘मोशन’ शब्द दिसला की समजा सापडला चोर. त्याहून सोपं म्हणजे फिल्ममेकर मोड असला तर तो लावा. २०१९ मध्ये कंपन्या आणि दिग्दर्शक मंडळींनी एकत्र बसून हा ठरवला, एक बटण दाबलं की टीव्हीची सगळी हुशारी बंद. त्याच्या आदल्या वर्षी तर टॉम क्रूझने शूटिंगच्या सेटवरून व्हिडिओ टाकून लोकांना हात जोडले होते की बाबांनो घरी गेल्यावर हे बंद करा. पहिल्या दिवशी चित्र पिवळट आणि अंधुक वाटेल, दुकानात भडक निळं बघून बघून डोळ्यांना तीच सवय लागलेली असते. दोन पिक्चर बघा, मग जुनं मोड लावून दाखवा वहिनींना.

क्रिकेटला मात्र लावा खुशाल. बॉल छान दिसतो.

आणि एक कबुली, मी स्वतः आठ महिने तसाच बघत होतो. एवढंच नाही तर याच सदरात एका पिक्चरबद्दल ‘कॅमेरा अगदी मालिकाछाप’ असं ठोकून दिलं होतं. तो कॅमेरा नव्हता हो, माझा टीव्ही होता. कॅमेरामनसाहेब, माफी.

प्रश्न : दादा, टीव्हीवर गेम खेळायचा कन्सोल घेतला तर दुकानदार म्हणाला सोबतची केबल फालतू आहे, ३२०० ची सोन्याचा मुलामा दिलेली घे, रंग उठून दिसतात. घेऊ का? – डोंबिवली, एफवायबीएस्सी

नको घेऊस मित्रा. ही कन्सोल टीव्हीला जोडणारी केबल म्हणजे एचडीएमआय, तिच्यातून आकडे जातात, शून्य आणि एक. ते पोचतात किंवा पोचत नाहीत. पोचले नाहीत तर चित्र तुटेल, ठिपके येतील, स्क्रीन काळी होईल, पण लाल रंग जास्त लाल असं काही होत नाही. कन्सोलच्या खोक्यात आलेली केबल कन्सोलसाठीच दिलेली असते, ती वापर. कधी हरवलीच तर ‘अल्ट्रा हाय स्पीड’ लिहिलेली, सेकंदाला ४८ गिगाबिटवाली घे, खोक्यावर क्यूआरचं लेबल असतं ते स्कॅन करून बघ. ३२०० मध्ये एक गेम येतो आणि वर वडापाव.

प्रश्न : ‘ओपनहायमर’ आयमॅक्सला बघितला होता, तिकीट बघून घरच्यांनी बोलून घेतलं. आता एक मित्र म्हणतो ते खरं आयमॅक्स नव्हतंच, तुला गंडवलं. खरं का? – पुणे

मित्र अर्धा बरोबर आहे, आणि असे अर्धे बरोबर मित्र फार डोकं खातात, मलाही आहे एक.

आयमॅक्स म्हणजे भल्यामोठ्या पडद्याचा सिनेमा, त्याचा मूळ प्रकार फिल्मचा. ७० मिलिमीटरची रुंद फिल्म, ती आडवी पळते, एकेका चित्राला कडेची १५ भोकं लागतात. साध्या ३५ मिलिमीटरच्या फिल्मला चार भोकं पुरतात, यावरून अंदाज घ्या. पडदाही जवळपास चौकोनी, रुंदी उंचीच्या १.४३ पट. ‘ओपनहायमर’ तीन तासांचा, त्याची अशी एक प्रिंट साधारण १८ किलोमीटर लांब आणि पावणेतीनशे किलोच्या आसपास वजनाची होती. २०२३ ला जगभरात असे पडदे होते फक्त ३०, भारतात एकही नाही. आपल्याकडचं आयमॅक्स डिजिटल, त्याचा पडदा १.९० ला १. म्हणजे त्या फिल्मवाल्यांना डोक्यावरचं जे आभाळ आणि पायाखालची जी वाळू दिसली ती आपल्याला वरून खालून कापून मिळाली. मित्राचा मुद्दा एवढाच.

पण गंडवलं म्हणणं जरा जास्तच. साध्या पडद्यावर त्याहूनही जास्त कापलेलं असतं, शिवाय आवाज. तो अणुबॉम्बच्या चाचणी स्फोटाचा सीन आठवा, आधी नुसता उजेड आणि शांतता, श्वासाचा आवाज, आणि मग कितीतरी वेळाने धडाका येतो आणि खुर्ची हलते. माझ्या शेजारच्या काकांच्या हातातला पॉपकॉर्नचा डबा उडाला होता. ते घरी होत नाही.

आपल्याकडे कधीच नव्हतं असंही नाही हं. मुंबईत वडाळ्याला २००१ मध्ये घुमटाचं आयमॅक्स सुरू झालं होतं, पडदा डोक्यावरून मागे जायचा, शाळांच्या सहली यायच्या, समुद्राखालच्या फिल्ममध्ये मासा अंगावर आला की अख्खी रांग खाली वाकायची. हैदराबादच्या प्रसाद्जमध्येही फिल्मवालं होतं. दोन्हीकडे आता ते राहिलं नाही. पुढच्या वेळी पैसे घालायचेच असतील तर आधी एवढं बघा की पिक्चर आयमॅक्स कॅमेऱ्यावर शूट केलाय की नुसताच मोठ्या पडद्यावर ताणलाय. आणि जागा मागून तिसरी-चौथी रांग, मधली. पहिल्या रांगेत बसून मान आखडली तर त्याला आम्ही जबाबदार नाही.

प्रश्न : मुलगा १४ वर्षांचा, नववीत. मोबाइलवर बीजीएमआय, तो पब्जीसारखा बंदुकीचा गेम, खेळत असतो, आता प्लेस्टेशन पाहिजे म्हणून जेवत नाहीये. ह्यांचं म्हणणं घेऊन टाक, माझं म्हणणं दहावी झाल्यावर. तुम्ही स्वतः खेळता म्हणून विचारते, तुम्ही काय कराल? – नाशिक

ताई, जेवत नाहीये ते दोन दिवसांत जेवेल, फ्रिज कुठे आहे त्याला माहितीये.

मी काय करीन ते सांगतो, पटलं तर घ्या. मोबाइलपेक्षा मला हॉलमधला कन्सोल बरा वाटतो. मोबाइल पांघरुणात जातो, टीव्ही जात नाही. शिवाय कन्सोलच्या बऱ्याच गेमला शेवट असतो, गोष्ट संपते, माणूस उठतो. बीजीएमआयचा सामना संपला की दुसरा तयारच. २०२० मध्ये पब्जीवर बंदी आली, २०२१ ला हे नवं नाव घेऊन आलं तेव्हा १८ च्या खालच्यांना दिवसाला तीन तास अशी मर्यादा घातली गेली, पण पोरं वडिलांचं वय टाकतात हे तुम्हाला मी सांगायला नको. त्याच्या फोनमध्ये कुणाचं कार्ड किंवा यूपीआय जोडलेलं आहे का तेवढं आज बघाच, बंदुकीला नवा रंग द्यायला पोरं खरे पैसे घालवतात आणि रंगाने गोळी काही लांब जात नाही.

घ्यायचाच ठरला तर डिस्क घालायची सोय असलेला घ्या. बिनडिस्कचा, म्हणजे डिजिटल, थोडा स्वस्त पडतो पण त्यावरचा गेम आपला नसतो, नुसता वापरायचा परवाना असतो. कॅलिफोर्नियात तर २०२५ पासून कायदाच आलाय की दुकानाने हे गिऱ्हाईकाला स्पष्ट सांगायचं. डिस्क असली की खेळून झाल्यावर विकता येते, मित्राशी बदलता येते, आणि मुख्य म्हणजे परीक्षेच्या दिवसांत तुमच्या साड्यांच्या कपाटात ठेवता येते.

आणि एक गेम मुद्दाम सुचवतो, ‘राजी’, २०२० चा. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्स या छोट्या टीमने बनवलाय. सर्कशीत काम करणारी मुलगी, तिच्या धाकट्या भावाला असुर पळवतात, ती त्याला शोधत निघते, आणि ही गोष्ट सांगतायत कोण तर दुर्गा आणि विष्णू, एकमेकांना टोमणे मारत. भिंतींवर पहाडी शैलीची चित्रं, मधली गोष्ट कळसूत्रीसारख्या सावल्यांच्या खेळातून. तो गेम त्या वर्षीच्या गेम अवॉर्ड्सला पदार्पणाच्या गटात नामांकनात होता. दोष आहेत, मारामारी नंतर नंतर तीच ती होते आणि शेवट असा तुटतो की कुणीतरी वायर काढली असं वाटतं. पण राजस्थानी किल्ल्याच्या सज्जावरून ती पोरगी उडी मारते तेव्हा मला जे झालं ते कुठल्या परदेशी गेमने झालं नाही. तुम्ही शेजारी बसा थोडा वेळ. दोघांनीच खेळायचा हवा असेल तर ‘इट टेक्स टू’, तो एकट्याला खेळताच येत नाही, दोन रिमोट लागतात. त्यातले नवरा-बायको घटस्फोटाच्या तयारीत असतात एवढं आधी सांगून ठेवतो, नंतर मला पत्र नको.

प्रश्न : माळा साफ करताना लहानपणीचा व्हिडिओ गेम मिळाला, पिवळ्या कॅसेट, दोन रिमोट, बंदूक, सगळं. कन्व्हर्टर आणून स्मार्ट टीव्हीला जोडला. मारिओ चालतो पण उडी उशिरा मारतो, आणि बंदुकीने बदक एकपण मरत नाही. पोरांसमोर इज्जत गेली. – कोल्हापूर

हे पत्र वाचून मी ऑफिसात मोठ्याने हसलो आणि मग अर्धा तास कुणाशी बोललो नाही.

आधी मारिओ. तुमचा डबा हा बहुतेक जपानच्या १९८३ च्या फॅमिकॉमची नक्कल, नव्वदीत आपल्या गल्लोगल्ली मिळायची ती. त्याचं चित्र आधी कन्व्हर्टर चघळतो, मग टीव्ही चघळतो, तेवढ्यात मारिओ खड्ड्यात. टीव्हीला गेम मोड लावा, पुष्कळ फरक पडेल. कॅसेट लागत नसली तर फुंकर मारू नका, मी पण मारलीये हजारदा, पण थुंकीच्या ओलीने पिना गंजतात. तेव्हा गेम चालायचा तो फुंकरीने नाही, काढून परत नीट बसवल्याने. इलेक्ट्रॉनिक्सवाल्याकडे आयपीए, म्हणजे आयसोप्रोपिल अल्कोहोल, मागा, कानातल्या काडीने पिना पुसा, काडी काळी झालेली बघून घाबरू नका.

आता बंदूक. आपल्याला वाटायचं बंदुकीतून काहीतरी निघतं आणि टीव्हीला लागतं. उलटं आहे हो, बंदुकीतून काही निघत नाही, बंदूक बघते. नळीत आत एक उजेड ओळखणारा डोळा आहे. तुम्ही चाप ओढला की स्क्रीन क्षणभर काळी होते, मग जिथे बदक आहे तिथे पांढरा चौकोन येतो, दुसरं बदक असेल तर त्याचा चौकोन त्याच्या नंतर. आधी काळोख आणि मग उजेड असं डोळ्याला दिसलं तर लागली गोळी, आणि कितव्या क्षणाला दिसलं यावरून कुठलं बदक ते ठरतं. हे सगळं ठरलेल्या वेळेत, डोळ्याचं पातं लवायच्या आत. जुना डब्बा टीव्ही ते जमवायचा कारण तो चित्र आल्याबरोबर ओळी आखत सुटायचा, सेकंदाला पंधरा हजारांच्या वर ओळी. तुमचा स्मार्ट टीव्ही चित्र आधी हातात घेतो, धुतो, पुसतो, मग दाखवतो. तोवर गेमने निकाल लावलेला असतो, नेम चुकला, गेममधला कुत्रा हसला. गेम मोडनेही हे सुटणार नाही, कारण बंदुकीचा डोळा त्या जुन्या पडद्याच्या लुकलुकण्यालाच ओळखतो.

मी लहानपणी शक्कल म्हणून बंदूक बल्बकडे धरली होती, कुणीतरी सांगितलं होतं की सगळी बदकं मरतात. एक मेलं नाही. का ते वीस वर्षांनी कळलं, काळी स्क्रीन त्याचसाठी होती, काळोखाच्या क्षणाला उजेड दिसला की गेमला कळायचं पोरगा लबाडी करतोय.

तर उपाय एकच, डब्बा टीव्ही. भंगारवाल्याकडे अजून असतात, २१ इंची बघा, मागे पिवळ्या-पांढऱ्या पिनांची जागा आहे ना तेवढं तपासा, आणि उचलायला दोघं जा. मागचं झाकण मात्र उघडू नका, वायर काढल्यावरही आत बराच वेळ करंट धरलेला असतो.

तुमचं पत्र आल्यावर मी पण आणला एक, तीनशे रुपयांत. रविवारी पाच फेऱ्या मारल्या, पहिल्या दोन बदकांना सहज लोळवलं. आईने दुसऱ्याच दिवशी त्यावर क्रोशाचा रुमाल आणि फुलदाणी ठेवली, रुमालाची झालर निम्म्या पडद्यावर येते आणि फुलदाणी हलवलेली तिला चालत नाही, त्यामुळे सध्या खालची बदकं तेवढी मारतोय.