सलग आठ विजय : आशा किती धरावी?

प्रश्न : मेजर लीग बेसबॉलमधला माझा संघ सलग आठ सामने जिंकला आहे. १२० सामन्यांत ६६ विजय, ५४ पराभव. धावा काढल्या ५४०, दिल्या ५२०. गटातला पहिला संघ ७०-५० वर आहे. आठपैकी पाच सामने एकेका धावेने जिंकले. आता गटविजेतेपदाची आशा धरू का?
— एक वाचक, देवगड

उत्तर : आशा जरूर धरा, पण ती गटविजेतेपदाची नव्हे, वाइल्डकार्डची, म्हणजे गट न जिंकताही चांगल्या विजयसंख्येवर बाद फेरीत मिळणाऱ्या जागेची. कारण तुम्हीच पाठवलेल्या आकड्यांत आहे.

आधी अंतर पाहू. विजयांतला फरक ४, पराभवांतला फरक ४. बेरीज करून निम्मी केली की ४ उरतात, म्हणजे तुम्ही चार सामने मागे आहात. आठ विजयांनी आठ सामन्यांचं अंतर तुटत नाही. तेवढ्या काळात पुढचा संघ आठपैकी चार जिंकला असेल, तर तुम्ही फक्त चारच जवळ आलात.

आता खरी ताकद. काढलेल्या धावांचा वर्ग, भागिले काढलेल्या आणि दिलेल्या धावांच्या वर्गांची बेरीज. बेसबॉलचे आकडेतज्ज्ञ बिल जेम्स यांचं हे सूत्र ढोबळ आहे, पण फार उपयोगी. तुमच्या संघाचं उत्तर येतं सुमारे ०.५१९, म्हणजे १२० सामन्यांत ६२ विजय. प्रत्यक्षात ६६ झाले. वरचे चार बहुतेक त्या एका धावेच्या सामन्यांनी दिले, आणि असे सामने कोणताही संघ वर्षभर मनासारखे जिंकत नाही. हंगामाच्या १६२ पैकी उरलेले ४२ सामने याच ताकदीने खेळले, तर आणखी २२ विजय मिळून ८८ होतील. पुढचा संघ आहे त्याच गतीने गेला, तर ९४ ला पोचतो. तो घसरल्याशिवाय गट हाती येणं अवघड.

पण ८८ हा आकडा चांगला आहे! २०२२ पासून अमेरिकन आणि नॅशनल या दोन्ही लीगमधून प्रत्येकी सहा संघ बाद फेरीत जातात : तीन गटविजेते, तीन वाइल्डकार्ड. शेवटची जागा ८३ ते ८९ विजयांवर मिळत आली आहे. २०२२ मध्ये फिलाडेल्फिया फिलीज ८७ विजयांवर आत आले आणि वर्ल्ड सिरीज या अंतिम फेरीपर्यंत गेले. २०२३ मध्ये अ‍ॅरिझोना डायमंडबॅक्स तर ८४ वर. तुमच्या आशेला आधार हाच आहे.

प्रश्न : घरचे म्हणतात, "एवढे जिंकले, आता हरायची पाळी आली." खरं आहे का?
— गुहागर

उत्तर : नाही. ज्या संघाला प्रत्येक सामन्यात जिंकण्याची ५५ टक्के संधी आहे, त्याला नवव्या सामन्यातही साधारण तेवढीच असते. अशा संघाच्या १६२ सामन्यांच्या हंगामात आठची सलग मालिका एकदा तरी होण्याची शक्यता चाळीस-पंचेचाळीस टक्के निघते. अगदी निम्मे-निम्मे जिंकणाऱ्या संघालाही ती चारांत एकदा साधते. मिळालेले विजय मात्र तक्त्यावरून कोणी पुसत नाही, हे घरच्यांना सांगा.

मालिका तुटते ती दमलेल्या हातांमुळे. चुरशीचा प्रत्येक विजय बुलपेनमधले, म्हणजे सामन्यात मागाहून येणारे, तेच दोन-तीन पिचर (चेंडू टाकणारे) वापरून मिळालेला असतो. म्हणून निकालाबरोबर बॉक्स स्कोअर, म्हणजे सामन्याचा आकडेतक्ताही वाचा : क्लोजर (शेवटी आघाडी राखायला येणारा पिचर) लागोपाठ किती दिवस आला, किती चेंडू टाकले? सलग दोन दिवस टाकून झाले असतील, तर तिसऱ्या दिवशी प्रशिक्षक त्याला बहुधा बसवतो आणि शेवटच्या, आठव्या-नवव्या इनिंगमधली आघाडी कच्च्या हातात जाते. सुरुवातीचा पिचर सहा-सात इनिंग टिकला, तर तो सामना दोनदा उपयोगी पडतो, कारण बुलपेनलाही सुट्टी मिळते. आळीपाळीने येणाऱ्या पाच सुरुवातीच्या पिचरांपैकी पाचवा कच्चा असेल, तर त्याचा दिवस आधीच हेरून ठेवा. १ सप्टेंबरपासून संघात २६ ऐवजी २८ खेळाडू ठेवता येतात. तेव्हा थोडा श्वास मिळतो.

मोठ्या मालिकेचंही वजन धावांवरून ठरवा. २०१७ मध्ये क्लीव्हलँड सलग २२ जिंकलं. त्या सामन्यांत धावा १४२ विरुद्ध ३७. ती ताकद निखळ होती. तरी पाच सामन्यांच्या फेरीत २-० ने पुढे असताना यांकीजकडून ३-२ ने हरले. आत शिरण्याची आशा आणि विजेतेपदाची आशा वेगवेगळ्या धराव्यात. छोट्या फेरीत एखाद्याच पिचरची वाईट रात्र पुरते.

प्रश्न : पावसात वीज आणि नेट दोन्हींचा भरवसा नसतो, रोज पहाटे उठणंही जमत नाही. कोणते सामने पाहावेत?
— वेंगुर्ला

उत्तर : उन्हाळी वेळेत न्यूयॉर्कचे संध्याकाळचे ७.०५ म्हणजे आपले पहाटेचे ४.३५. पश्चिम किनाऱ्यावरचा ७.१० चा सामना आपल्याकडे सकाळी ७.४० ला, ऐन कामाच्या वेळी. सगळ्यांत सोयीचा रविवार : तिकडचा दुपारी १.०५ चा सामना आपल्याकडे रविवारी रात्री १०.३५ ला सुरू होतो. गणपतीत घर भरलेलं असलं, तरी आरती-जेवणं उरकून तो बघता येतो. २०२३ पासून पिच क्लॉक (चेंडू टाकायला वेळेची मर्यादा) आल्यामुळे सामना बहुधा पावणेतीन तासांच्या आत संपतो.

बाकीच्यांतून वाइल्डकार्डच्या थेट प्रतिस्पर्ध्याशी होणारे निवडा. विजय सारखे झाले, तर आता जादा सामना होत नाही, आपसांतला हिशोब, म्हणजे त्या दोघांच्या सामन्यांत कोण जास्त जिंकलं ते पाहतात. २०२५ मध्ये सिनसिनाटी रेड्स ८३ विजयांवर मेट्सच्या बरोबरीत राहून असेच आत गेले. नेट मंद असेल, तर व्हिडिओऐवजी चेंडूगणिक मजकुराचं समालोचन उघडा. डेटा फार कमी लागतो.

प्रश्न : मॅजिक नंबर कसा काढायचा?
— मालवण

उत्तर : मॅजिक नंबर म्हणजे प्रतिस्पर्ध्याच्या पुढे राहणं पक्कं व्हायला आपले विजय आणि त्याचे पराभव मिळून आणखी किती हवेत तो आकडा. १६३ मधून आपले विजय आणि प्रतिस्पर्ध्याचे पराभव वजा करा. ८० विजय, समोरच्याचे ६८ पराभव, तर १५. आपण जिंकलो की एक कमी, तो हरला की एक कमी. आपसांतला हिशोब आपल्या बाजूने पक्का असेल, तर १६२ धरा. वाइल्डकार्डसाठी प्रतिस्पर्धी म्हणजे शेवटच्या वाइल्डकार्ड जागेच्या लगेच खाली असलेला संघ. तो बदलला की आकडा नव्याने मांडा.