रविवारची यादी बंद करा

पत्र : मी तीस वर्षं हिशेबाच्या कामात आहे. मुलगी नववीत आहे. गणितात ८४, विज्ञानात ८८ गुण. नवं तंत्रज्ञान मला झेपत नाही, पण माझ्यामुळे तिने मागे पडू नये म्हणून रोज रात्री एक वाजेपर्यंत एआयवरचे व्हिडिओ बघतो, टिपणं काढतो, काय शिकायचं त्याची यादी करतो आणि रविवारी तिला समजावतो. वर्षभरात आधी ॲप बनवण्याचा क्लास लावला, मग डेटा सायन्सचा. कोडिंगच संपणार असं ऐकल्यावर तो बंद केला. आता क्वांटम कॉम्प्युटिंगचा विचार आहे. ती मात्र फोनवर पक्ष्यांचे आवाज रेकॉर्ड करत बसते आणि मर्लिन नावाचं ॲप पक्षी ओळखताना कुठे चुकलं ते वहीत लिहिते. हल्ली मी बोलायला बसलो की ‘बाबा, राहू दे’ म्हणून उठून जाते. मी तिच्या बरोबरीने कसं शिकू आणि तिला कुठे घालू?

उत्तर :

गुणांची काळजी सोडा. विज्ञान शाखा, प्रवेशपरीक्षा, पुढे अभियांत्रिकी किंवा विज्ञानाची पदवी हे रस्ते तुम्हाला ठाऊक आहेत आणि तिला खुलेही आहेत. मी अडखळले ते ‘राहू दे’पाशी.

आपल्याला कमी कळतं म्हणून ती उठून जाते, असं तुम्हाला वाटतं. मला तसं दिसत नाही. तुमच्या सांगण्यावरून तिने दोन क्लास धरले आणि दुसरा अर्ध्यावर सोडायलाही तुम्हीच लावलात. त्या क्लासमध्ये तिला काय आवडलं होतं, कुठे अडलं होतं, याबद्दल पत्रात एक ओळ नाही. यातून तिने काय शिकायचं? मन लावून काही सुरू करावं, तर एखाद्या रविवारी बाबा ते मोडीत काढणार. मग त्यात जीव कशाला गुंतवायचा? तुमच्या जागरणामागची माया मला दिसते. पण तिच्यापर्यंत पोचते ती तुमची धास्ती, आणि तीही दर खेपेला नवं नाव घेऊन.

या सगळ्याच्या मुळाशी एक गैरसमज आहे. तंत्रज्ञान पुरेसं समजलं की पुढे कोणतं काम टिकेल हे सांगता येतं, असं तुम्ही धरून चालला आहात. जेफ्री हिंटन यांच्याइतका एआयचा जाणकार शोधून सापडणार नाही. या विषयातल्या पायाभूत कामासाठी २०२४ मध्ये त्यांना भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. याच हिंटन यांनी २०१६ मध्ये सांगितलं होतं, की रेडिओलॉजिस्ट, म्हणजे एक्स-रे आणि स्कॅन वाचून निदान करणारे डॉक्टर, घडवणं आताच थांबवावं, कारण पाच वर्षांत, फार तर दहा वर्षांत, यंत्र त्यांच्यापेक्षा सरस ठरेल. यंत्रं खरोखर सुधारली, पण रेडिओलॉजिस्ट आजही लागतात. रुग्णाचा पूर्वेतिहास त्या फिल्मशी जोडून बघणं, उपचार करणाऱ्या डॉक्टरांशी बोलणं, निदानाची जबाबदारी घेणं, हेही त्यांचंच काम आहे. ते ऐकून एखाद्या बापाने मुलीला त्या वाटेवरून मागे ओढलं असेल, तर तिचं केवढं नुकसान झालं! ज्यांनी ही विद्या घडवली त्यांचा अंदाज चुकू शकतो. मग रात्री एक वाजता पाहिलेल्या व्हिडिओवर तुम्ही मुलीचं वर्ष लावू नका.

आणि तुम्हाला तंत्रज्ञान कळत नाही, हे तरी कुणी सांगितलं? व्हिजिकॅल्क हा स्प्रेडशीटचा प्रोग्रॅम १९७९ मध्ये आला आणि एक आकडा बदलला की अख्खं पान हाताने पुन्हा मांडण्याची मेहनत संपत गेली. तुमच्या पेशाची आकडेमोड यंत्राकडे गेली, तरी तुम्ही तीस वर्षं टिकलात. रोजकीर्द आणि खतावणी संगणकात गेली, पण तेरीज (ट्रायल बॅलन्स, म्हणजे नावे आणि जमा बाजूंचा ताळा) जुळली नाही तर नेमकं कुठे बघायचं, आणि जुळली तरी कुठली चूक आत दडून राहू शकते, हे तुम्हाला कळत होतं. हे तिला कधी सांगितलंत का? कोणत्याही यादीपेक्षा ते तिच्या उपयोगाचं आहे.

आता तुम्ही ‘बसते’ म्हणून उडवून लावलेल्या गोष्टीकडे येते. ते ॲप आवाजाचं आधी चित्र करतं. आडव्या बाजूला वेळ, उभ्या बाजूला स्वराची उंची. मग त्या चित्रातल्या आकृतीवरून पक्षी ओळखतं. यंत्राला असं ओळखायला शिकवणं म्हणजेच तुम्ही जिच्या मागे धावताय ती एआय. आणि यंत्र कुठे, का चुकतं याची नोंद ठेवणं हा त्या कामातला सर्वांत कष्टाचा भाग. तुमची मुलगी तो कुणी न सांगता करते आहे. पत्र वाचताना मला खरा आनंद झाला तो इथे.

त्या वहीत तुमचं काम आहे. समजा, ॲपने ४० वेळा ‘बुलबुल’ सांगितलं आणि त्यातलं ३६ वेळा बरोबर निघालं. म्हणजे त्याच्या शब्दावर ९० टक्के भरवसा. पण बुलबुल प्रत्यक्षात ६० वेळा बोलला असेल, तर ॲपने त्यातला ६० टक्केच पकडला. एकाच ॲपचे हे दोन वेगळे हिशेब आहेत आणि ते वेगळे ठेवायला एआयच्या विद्यार्थ्यांनाही शिकावं लागतं. उभे-आडवे रकाने आखून असा तक्ता मांडणं तुमच्या हातचा मळ आहे. पक्षी कोणता होता हे ती ठरवेल. दुसऱ्यांची नक्कल करणारे पक्षी असतात, त्यांनी ॲपला कधी फसवलं का, हेही विचारा. उत्तर ऐकायला वेळ काढून बसा.

या आवडीतून संख्याशास्त्र, संभाव्यता, ध्वनीचं भौतिकशास्त्र, प्राणिशास्त्र यांपैकी कुठेही जाता येईल. आवाजावरून यंत्रातला बिघाड ओळखणं किंवा हृदयाच्या ठोक्यांतला दोष पकडणं, ही कामंही याच जातीची आहेत. कोणतं, ते आज ठरवू नका. क्वांटम कॉम्प्युटिंगसाठी रेषीय बीजगणित लागतं, ते पुढे येईलच. नववीत त्याचं प्रमाणपत्र देणाऱ्या क्लासला पैसे भरू नका.

तुम्हाला स्वतःला शिकायचंच असेल तर व्हिडिओ बंद करा आणि चॅटजीपीटीला तुमच्या कामातला एखादा किचकट प्रश्न घाला. घसाऱ्याचा घाला, किंवा न जुळणाऱ्या तेरजेचा. तिथे त्याची चूक तुम्हाला पकडता येईल. चुकतानाही ते किती ठामपणे बोलतं, हे दिसेल. सापडलेली चूक तिला दाखवा. तीही अशाच चुका गोळा करते आहे.

येत्या रविवारी यादी नको. फक्त वही बघायला मागा. ती लगेच देईल असं समजू नका; वर्षभराचा अनुभव तिच्या गाठीशी आहे. ‘राहू दे’ म्हणाली तर बरं म्हणा आणि तो विषय तिथेच सोडा. समजूत घालू नका, वही तिच्या मागून उघडून बघू नका. पुढच्या खेपेला ती कुठे रेकॉर्डिंगला निघाली, की सोबत येऊ का म्हणून विचारा. गेलात, तर तिथे गप्प राहावं लागेल, नाहीतर रेकॉर्डिंगमध्ये तुमचाच आवाज येईल.